शंका आली म्हणून मुलांना शिकवणं सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ जन्मापासून ख्रिस्ती घरातले, गेली सहा वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. वर्षभरापासून प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. प्रभूचं पुनरुत्थान, म्हणजे क्रूसावर मेलेल्या येशूचं पुन्हा जिवंत होणं, खरंच झालं का, असा विचार धडा शिकवता शिकवता मनात येऊन जातो. मंडळीतल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना त्यांनी हे सांगितलं. उत्तर मिळालं, "हा सैतानाचा डाव आहे. याकोबाचं पत्र वाचा, उपास करा, आणि हे कुणापुढे बोलू नका." तेव्हापासून ते गप्प आहेत. आता विचारतात, "शंका घेणं पाप आहे का? आणि हे मनात असताना मुलांसमोर उभं राहणं म्हणजे ढोंग नाही का?"

मी पंचवीसहून अधिक वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून काम केलं आहे. असा प्रश्न घेऊन आलेली माणसं बहुतेक वेळा उपासना संपून सगळे गेल्यावर, दारापाशी रेंगाळत, दुसरंच काहीतरी विचारायच्या निमित्ताने थांबलेली असतात. तुम्ही थेट विचारलंत, म्हणून मीही थेट लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. तुम्ही पुनरुत्थानाचे पुरावे मागितलेले नाहीत. तुम्हाला छळतंय ते वर्षभर तोंड मिटून बसणं. ज्या लोकांत वाढलो त्यांना हे कळलं तर ते मला आपला म्हणतील का, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. म्हणून सुरुवात तिथून करतो.

थोमाची गोष्ट तुम्ही मुलांना शिकवली असेलच. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, विसाव्या अध्यायात पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू शिष्यांना भेटतो, तेव्हा त्यांच्यातला थोमा तिथे नसतो. बाकीचे सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणतो, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. पुढचं वचन आपण घाईने वाचतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. मी या वचनावर वर्षानुवर्षं थांबत आलो आहे. मधल्या आठ दिवसांबद्दल शुभवर्तमान एक अक्षर सांगत नाही. दहा जण म्हणताहेत पाहिलं, एक जण म्हणतोय मला पटत नाही, आणि सगळे एकत्रच आहेत. त्याला कुणी बाहेर काढलं नाही, तोही उठून गेला नाही. आणि येशू आला तेव्हा थोमाचेच शब्द त्याला परत ऐकवत म्हणाला, तुझं बोट इकडे कर, माझे हात पाहा. थोमाने खरोखर बोट लावलं की नाही, हे लिहिलेलंच नाही. लिहिलंय ते त्याचं उत्तर, "माझा प्रभू व माझा देव!" त्या शुभवर्तमानात एवढं स्पष्ट बोललेलं दुसरं कुणी नाही.

येशू त्याला "विश्वासहीन होऊ नकोस" असंही म्हणतो, आणि न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हणतो. ते मी पुसून टाकणार नाही. शंकेतच घर करून राहा, असं येशू कुणाला सांगत नाही. पण तो बोलतो ते त्याच खोलीत, जखमा पुढे करून.

याच्या शेजारी येशूचा खटला चालवणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताला ठेवून पाहा. "सत्य काय आहे?" हा प्रश्न त्यानेही विचारला. योहान लगेच पुढे लिहितो की असं विचारून तो बाहेर गेला. उत्तरासाठी थांबलाच नाही. शंका प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायला मला या दोघांहून चांगली कसोटी सापडलेली नाही. प्रश्न दोघांचेही बोचरे आहेत. एक जण उत्तर येईपर्यंत तिथे राहिला. तुम्ही वर्षभर मनात हे घेऊन दर रविवारी मुलांपुढे उभे राहिलात, तेव्हा तुम्ही कुणासारखे वागलात ते तुम्हीच ठरवा.

आता याकोबाचं पत्र. तुमच्या वडीलधाऱ्यांनी दाखवलेलं वचन पहिल्या अध्यायातलं असणार, संशय धरणारा माणूस वाऱ्याने लोटलेल्या समुद्राच्या लाटेसारखा असतो, ते. पण त्याच्या आधीचं वचन काढा. तिथे म्हटलंय की ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाजवळ मागावं, देव सगळ्यांना सढळ हाताने देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही. म्हणजे ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच तो परिच्छेद लिहिलेला आहे. पुढे याकोब "द्विबुद्धीचा" हा शब्द वापरतो. तोच शब्द तो चौथ्या अध्यायात पुन्हा काढतो, आणि तिथे विषय जगाशी मैत्री आणि देवाशी मैत्री दोन्ही एकदम करू पाहणाऱ्यांचा आहे. याकोबाचा रोख दोन दरडींवर पाय ठेवणाऱ्यावर आहे. ज्याला विश्वास ठेवायचा आहे आणि जमत नाही, त्याच्यावर नाही. अशा माणसासाठी नव्या करारात वेगळं वाक्य आहे आणि ते यहूदाच्या छोट्याशा पत्रात आहे: जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. हे वचन त्या वडीलधाऱ्यांना कदाचित कुणी कधी दाखवलं नसेल. त्यांच्यावर रागावू नका. आपल्या माणसाला गमावण्याची भीती वाटली की मोठी माणसंही "बोलू नका" म्हणतात.

पाप आहे का, याचं माझं उत्तर असं की शंका येणं पाप नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे. तिच्यात सारा आहे, जी म्हातारपणी मूल होईल हे देवाचं वचन ऐकून तंबूत हसली होती, आणि वर "मी हसले नाही" असंही म्हणाली होती. तिच्या मुलाचं नाव पडलं इसहाक, म्हणजे "तो हसतो". ते हसू देवाने त्या घरात कायमचं नाव म्हणून ठेवून दिलं. त्याच यादीत गिदोन आहे. त्याने लोकर खळ्यात टाकून एकदा खूण मागितली, आणि ती मिळाल्यावर दुसऱ्या रात्री उलटी खूण मागितली. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तर अकरा शिष्य उठलेल्या प्रभूला डोंगरावर पाहतात, नमन करतात, आणि त्याच वाक्यात लिहिलंय की कित्येकांना संशय वाटला. लगेच पुढे येशू त्या सगळ्यांनाच जगभर पाठवतो. संशयवाल्यांना बाजूला काढत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. पाळकपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कॉलेजात जाणारा एक मुलगा माझ्याकडे वही घेऊन आला. शाईच्या पेनने, नीट क्रमांक घालून प्रश्न लिहिले होते. पहिला होता, मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी एकमेकींशी का जुळत नाहीत. दुसरा, मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा वचनांखाली "ही वचनं सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत" अशी तळटीप का आहे. मी वही चाळली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हे सगळं विश्वासाने घ्यायचं असतं बाळ." त्याने वही मिटली. माझ्याकडे तो पुन्हा कधी आला नाही. मला त्या प्रश्नांची उत्तरं तेव्हा पूर्ण येत नव्हती, आणि "येत नाहीत, आपण मिळून शोधू" असं म्हणायचं धैर्य नव्हतं. ते प्रश्न अवघड होते, पण मारक नव्हते. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क रिकाम्या कबरेपाशीच संपतो, हे अभ्यासकांना केव्हापासून ठाऊक आहे, आणि त्यातले कितीतरी जण श्रद्धावान आहेत. त्या मुलाचा देवावरचा विश्वास हलला नव्हता. "बायबलमधला एक दगड हलला की सगळी भिंत पडते" असं त्याला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं, ते हललं होतं. मुलांना शिकवता म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

तेव्हापासून कुणी शंका घेऊन आलं की मी एक कागद देतो आणि सांगतो, तुमची शंका एका वाक्यात लिहा. एकाच. माणसं अर्धा तास बसतात. "देव आहे की नाही" असं बोलत आलेला माणूस शेवटी लिहितो, "देव आहे, पण त्याला माझी पर्वा नाही." म्हणजे वाद करायचा विषय वेगळाच निघतो. तुम्हीही हे करा. तुमच्या प्रश्नात मला निदान दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या दिसतात. पुनरुत्थान झालं का, हा घडलेल्या गोष्टीबद्दलचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी वाचायला हवं, विचार करायला हवा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल स्वतः ही शक्यता कागदावर मांडतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. तो साक्षीदारांची नावं देतो, पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख करतो आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं म्हणतो, जणू जाऊन विचारा. प्रश्न विचारायची मुभा त्याने वाचणाऱ्याला दिलेली आहे.

भिंतीशी बोलल्यासारखं वाटणं मात्र निराळं. तो कोरडेपणा आहे, आणि तो गाढ विश्वासाच्या माणसांनाही येतो. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याची जाणीव फारशी झालीच नव्हती. त्या काळात त्यांनी काय काम केलं ते जगाने पाहिलं आहे. देव जाणवला नाही म्हणून आता पुनरुत्थानही खोटं वाटू लागलं, असा गुंता पुष्कळदा होतो. धागे वेगळे केले की प्रत्येक धागा थोडा हलका होतो.

काही शंका मात्र वाचनाने जात नाहीत. एका बाईंचं सांगतो. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल ते सगळं गाळून. त्यांचा मुलगा गेला. दहा दिवस मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. नंतर त्या उपासनेला यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या, गीत गायच्या नाहीत. मी घरी गेलो तेव्हा उत्तरं द्यायला गेलो नव्हतो. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. ते स्तोत्र इतरांसारखं शेवटी आशेकडे वळत नाही, अंधारावरच संपतं. वाचून झाल्यावर त्या माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत म्हणाल्या, "हे बायबलमध्ये आहे?" मी पुस्तक त्यांच्याकडे दिलं. त्यांनी स्वतः पुन्हा वाचलं, बोट ओळीवर ठेवून.

पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की मतांगिकार, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली, म्हणताना त्या एका शब्दापाशी गप्प होतात. "सर्वसमर्थ". बाकी सगळं म्हणतात, तो शब्द गाळतात. एका वडीलजनांनी हे माझ्या कानावर घातलं, समज द्या म्हणाले. मी दिली नाही. ३२५ साली नायसियातल्या धर्मपरिषदेत मांडलेला मतांगिकार "मी" नव्हे तर "आम्ही विश्वास ठेवतो" असा सुरू होतो. एकीचा आवाज एका शब्दावर थांबला तर बाजूचे तो शब्द म्हणत असतात. त्या अजूनही येतात. तो शब्द त्या आता म्हणतात का, हे मी कान देऊन ऐकलेलं नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं, कारण मी तुम्हाला पाहिलेलं नाही. देवातच नव्हे तर कशातच राम वाटत नाही, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, आणि शेवटचं असेल तर आजच जा. नैराश्य कधी कधी शंकेचा चेहरा घालून येतं, आणि त्याच्यावर औषधोपचार आहेत. मंडळीतल्या कुणी तुम्हाला दुखावलं असेल, फसवलं असेल, तर मनात येणारी शंका देवाबद्दलची आहे की त्या माणसाबद्दलची, हे तपासा. आणि क्वचित असंही पाहिलंय की माणसाला एखादी गोष्ट सोडायची नसते, म्हणून तो एकामागून एक प्रश्न काढत राहतो. एकाचं उत्तर मिळालं की ते न ऐकताच पुढचा. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं तसं मला वाटत नाही.

प्रामाणिक शंकेतून माणूस शेवटी विश्वासाकडेच येतो, असा शब्दही मी देऊ शकत नाही. माझ्या ओळखीचे काही जण सोडून गेले. त्यांच्यापैकी दोघांशी माझं आजही जाणं-येणं आहे. पण उघड बोलून गेलेल्यांपेक्षा मनातल्या मनात कुढून गेलेले मी जास्त पाहिले. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणीवर त्यांनी तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. पटल्याशिवाय मान हलवणार नाही, हा त्यांचा बाणा. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. त्याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्या पत्रांच्या दिवसांत कुणी "गप्प बसा" म्हणून त्यांचं तोंड बंद केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला नेहमी येतो.

आता मुलांना शिकवण्याबद्दल. एकदम सोडू नका, आणि लपवूनही चालवू नका. रविवारच्या शाळेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना, किंवा तुमच्या पाळकांना, एवढंच सांगा: मी एका कठीण काळातून जातोय, शिकवायचं आहे, पण काही महिने साक्ष देण्याची (सगळ्यांपुढे आपला विश्वास सांगण्याची) किंवा प्रार्थना चालवण्याची जबाबदारी नको. समजूतदार माणूस असेल तर हो म्हणेल. नाही म्हणाला, काढून टाकलं, तर दुखेल. पण खोटेपणाचं ओझं निदान उतरलेलं असेल. त्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मात्र गप्प राहू नका. दुसरा माणूस शोधा, जो ऐकून घाबरणार नाही.

वर्गात जे खोटं वाटतं ते खरं म्हणून सांगू नका. गोष्ट मात्र पूर्ण सांगा. "योहान असं लिहितो, थोमा असं म्हणाला" हे तुम्ही कुठलंही ढोंग न करता सांगू शकता. दहा वर्षांचं मूल कधीतरी विचारेल, "टीचर, तुम्हाला कसं माहीत?" तेव्हा "मलाही हा प्रश्न पडतो, आणि मी त्याचं उत्तर शोधतोय" एवढं म्हणा. ते मूल वीस वर्षांनी एखाद्या रात्री जागं असेल. आपल्या टीचरलाही असं वाटायचं आणि तरी ते दर रविवारी यायचे, हे त्याला तेव्हा आठवेल. त्यांच्यावर तुमचा सगळा भार टाकू नका, एवढंच सांभाळा. ती मुलं आहेत, तुमचे सल्लागार नाहीत.

थोडक्यात, कुणाशी तरी बोला, शंका एका वाक्यात उतरवा, शिकवत राहा पण साक्षीतून सूट घ्या. राहिली प्रार्थना. मुलाला घेऊन येशूकडे आलेल्या बापाची प्रार्थना तुम्हाला पाठ असेल: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." दोन्ही वाक्यं एका दमात. त्याचा मुलगा त्याच दिवशी बरा झाला. अविश्वास आधी पूर्ण जाऊ दे, मग ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

तेही जड वाटत असेल तर तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता चार वेळा विचारतो, "कोठवर?" पाचव्या वचनात त्याचा सूर पालटतो, पण तुमचा पालटला नसेल तर चौथ्यावर थांबा आणि पुस्तक मिटा. माझं एक वर्ष असं गेलं की मी रोज रात्री चौथ्या वचनावर थांबत होतो. माझ्या जुन्या बायबलच्या समासात त्या वचनापाशी पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा आहेत, एकाखाली एक. पाचव्या वचनापाशी पहिली तारीख पुढच्या वर्षीची आहे.